तालमीच्या पडवीतल्या झोळ्या

पुण्याच्या कॉलेजातले पहिले वर्ष संपवून मी एप्रिलच्या सुरुवातीला सोलापूरला आलो, तेव्हा घराला कडी होती. आईवडील गिरणीत असणार हे ठाऊकच होते, पण बहीणही नव्हती. शेजारीण म्हणाली, "शाळंकडं बघ जा. तितंच असतीया ती."

मुलींची म्युनिसिपालिटीची शाळा आमच्याच गल्लीच्या टोकाला आहे. उन्हामुळे शाळा सकाळची झाली होती. बहीण तिथे होती, पण शाळेत होती असे म्हणता येणार नाही. ती बाहेर, खिडकीचा गज धरून उभी होती. कडेवर आमचा धाकटा भाऊ, अजून वर्षाचाही नसलेला. आत तिसरीचा वर्ग पावकीचे पाढे म्हणत होता आणि ही बाहेरून म्हणत होती, आतल्या मुलींपेक्षा मोठ्याने. भाऊ तिची वेणी ओढत होता, गजाला लाथा मारत होता. पाढा मात्र अडत नव्हता.

"आत का न्हाई बसत?" मी विचारले.

"ह्यो रडतोय की. बाई म्हनल्या, गप ऱ्हाईल तवा आत ये. ह्यो गप ऱ्हातोय व्हय?" मग माझ्या हातातल्या ट्रंकेकडे पाहून म्हणाली, "दादा, पुन्याहून काय आनलंस?"

वसतिगृहातल्या मित्रांना मी पुढची हकिकत एकदा सांगायला गेलो होतो. मध्येच अडखळलो आणि ते दुसऱ्या विषयाकडे वळले. लिहून कदाचित जमेल असे वाटते, म्हणून लिहितो आहे.

आमचे मूळ घर सांगोल्याकडचे, मेंढरे राखणारे. वडील तरुणपणी गिरणीत आले आणि साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, लागले. आई कांड्या भरायच्या खात्यात. आमच्या घरातून शाळेची पायरी पहिल्यांदा मी चढलो, आणि माझ्यामागून बहीण. ती माझ्यापेक्षा हुशार आहे, हे मी तेव्हाही मान्य करत होतो. धाकट्या भावाला आजी सांभाळायची. आजी पौषात गेली आणि भाऊ बहिणीच्या कडेवर आला. सकाळचा भोंगा झाला की आई निघायची. दुपारच्या सुट्टीचा भोंगा झाला की बहिणीने भावाला गिरणीच्या दरवाजावर न्यायचे, आईने त्याला पाजायचे, की पुन्हा कडेवर. गल्लीत अशा पुष्कळ मुली होत्या. त्यांतल्या बहुतेकींनी शाळा सोडली होती. माझी बहीण खिडकीपर्यंत तरी येत होती.

शाळेत तिसरीपर्यंतच वर्ग होते. म्युनिसिपालिटी चौथीचा वर्ग काढायला तयार होती, पण पुरेशा मुली तिसरीच्या परीक्षेला बसून पास झाल्या तरच. नाहीतर चौथीसाठी थेट पलीकडच्या पेठेतल्या शाळेत जावे लागणार, आणि तिकडे आमच्या गल्लीतल्या कुठल्याच बापाने मुलगी पाठवली नसती. परीक्षा एप्रिलअखेर होती. म्हणजे त्या तीन-चार आठवड्यांत बहीण खिडकीच्या आत गेली तर पुढे शिकणार, बाहेर राहिली तर तिचे शिक्षण तिथेच थांबणार.

मी बाईंना भेटायला गेलो. बाई लहानपणीच विधवा झालेल्या, ट्रेनिंग कॉलेज करून आलेल्या, बोलण्यात मोजक्या. त्या मला "तुम्ही" म्हणाल्या. आमच्या गल्लीत तोपर्यंत मला कोणी "तुम्ही" म्हटलेले नव्हते. मी एवढा गोंधळलो की ठरवलेले निम्मे बोलणे विसरलो.

"मला ती मुलगी वर्गात हवीच आहे," बाई म्हणाल्या. "पण दहा मुली दहा मुलं घेऊन आल्या तर मी शिकवू कशी? तुम्ही पालकांना एकत्र करा. मी बोलते."

गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी शाळेपुढच्या लिंबाखाली सभा झाली. सभा म्हणजे काय, लोक उकिडवे बसले आणि बाई उभ्या राहिल्या. आमच्या गल्लीत निम्मी घरे हातमागवाल्यांची, तेलुगू बोलणारी. निम्मी आमच्यासारखी गिरणीतली. बाईंचे शुद्ध बोलणे कुणाला कळत होते, कुणाला नव्हते. शेवटी त्यांनी एक तोड काढली: झोपलेले मूल वर्गात चालेल. मागच्या भिंतीशी काहीतरी अंथरा, मूल निजवा आणि मुलीने पुढे येऊन बसावे. रडायला लागले तर बाहेर.

सगळ्यांना ते पटले. वडिलांनी तिथल्या तिथे आमच्या घरचे मोठे घोंगडे शाळेला देऊन टाकले. "आमच्या मेंढरांचं हाय, बाई," ते म्हणाले, "पोरं खालनं गार पडायची न्हाईत." तालमीचे वस्ताद म्हणाले, "एप्रिलात गार पडतंय व्हय रं?" आणि सगळे हसले. मलाही वाटले की काम झाले.

पहिले दोन दिवस माझ्या भावाने काही दाद दिली नाही. सकाळच्या वेळी तो झोपतच नसे. बहीण त्याला थोपटून थोपटून दमायची. घोंगड्यावर ठेवला की डोळे उघडायचा आणि ती पुन्हा बाहेर. तिसऱ्या दिवशी मात्र सारे सुरळीत झाले. मी खिडकीतून पाहिले: मागे घोंगड्यावर सगळी पोरे ओळीने झोपलेली, पुढे मुली, पाट्या मांडीवर. शाळा सोडलेल्या मुलीही परत आल्या होत्या. बाईंनी मला पाहून मान हलवली. त्या हसत नसत, पण त्या दिवशी हसण्याच्या अगदी जवळ आल्या होत्या.

त्याच दिवशी दुपारी मी बहिणीबरोबर गिरणीच्या दरवाजावर गेलो. सुट्टीचा भोंगा झाला. कंपाउंडच्या भिंतीलगत पोरी लहानग्यांना घेऊन रांगेने बसल्या होत्या. बायका केसांवरचे कापसाचे तंतू झटकत बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून पोरांना पदराखाली घेऊ लागल्या. आईने भावाला घेतले. तो पिईना. तिने त्याच्या तळपायाला चिमटा काढला. तो हलला नाही. मग तिने त्याची पापणी बोटाने वर केली आणि बहिणीकडे पाहिले.

"कुनी दिली?"

बहीण खाली पडलेला कापूस पायाने ढकलू लागली.

"गोळी कुनी दिली गं?"

"अव्वानं," बहीण म्हणाली. "पन मीच मागितली. बाई म्हनल्या की झोपलेलं चालतंय."

मला सगळे कळायला क्षणभर वेळ लागला. अव्वा म्हणजे आमच्या गल्लीतली हातमागवाल्यांकडची म्हातारी. निम्म्या गल्लीची बाळंतपणे तिने केली होती. तिच्या कनवटीला एक पितळी डबी असे आणि डबीत अफूच्या बाळगोळ्या. गिरणीत जाणाऱ्या बायका भोंग्याआधी पोराच्या जिभेवर मोहरीएवढी गोळी ठेवत, म्हणजे पोर दुपारपर्यंत निजे. कुणी त्यात लपवत नव्हते. आमच्या भावाला मात्र आजी होती तोवर गोळीची गरज पडली नव्हती. त्याला ती नवी होती. आणि सकाळी वर्गात ओळीने झोपलेली ती सगळी पोरे मला पुन्हा दिसली.

आई उठली आणि पोर घेऊन चालू लागली. दरवाजावरचा जमादार ओरडला, "अगं बाई, भोंगा व्हईल की आता!"

"व्हऊ द्या," आई म्हणाली. तिने मागे पाहिले नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला काहीतरी पाजून ओकारी काढली. "झोपू देऊ नका," ते म्हणाले. "काहीही करा, पण संध्याकाळपर्यंत झोपू देऊ नका. झोपला तर—" वाक्य पुरे व्हायच्या आत आई त्याला उचलून निघाली होती.

गल्लीत आलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोहोचली होती. बायकांनी भावाला हातोहात घेतले. एक तळपायाला गार पाणी लावी, दुसरी गुदगुल्या करी, तिसरी त्याला खांद्यावर घेऊन लिंबापर्यंत जाऊन येई. अव्वाही आली. तिला कोणी हाकलले नाही. तिने कोऱ्या कॉफीचा काढा आणला आणि चमच्याने त्याच्या ओठांशी धरून बसली. ती मराठीत काही बोलली नाही. तेलुगूत पुटपुटत होती. त्याचे डोळे उघडत आणि पुन्हा मिटत. बहीण आमच्या उंबऱ्यावर बसून होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.

मग वस्ताद तालमीतून हलगी घेऊन आले. कुस्त्यांच्या वेळी वाजते ती. भावाच्या कानापाशी येऊन त्यांनी ती अशी कडाडून वाजवली की लिंबावरचे कावळे उडाले. भाऊ दचकला. वस्ताद थांबले नाहीत. त्याने डोळे उघडले, ओठ काढले, आणि एकदम टाहो फोडला. एवढा मोठा, एवढा रागाचा की हलगी त्यापुढे बारीक वाटली.

"रड रं माज्या वाघा!" एक बाई ओरडली. "रड, रड!" आणि सगळ्या बायका हसत हसत डोळे पुसू लागल्या. कुणाचे पोर रडते म्हणून इतका आनंद झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

वडील संध्याकाळच्या भोंग्यानंतर आले. त्यांनी सारे ऐकून घेतले. भावाला घेतले, खाली ठेवले. मग म्हणाले, "बास झाली शाळा. वाचता येतंय तिला, लई झालं."

बहीण रडली नाही. तिने पाटी फडताळावर ठेवून दिली. रडली असती तर वडील विरघळले असते, असे मला वाटते. पण तिला ते सुचले नाही, किंवा तिला तसे करायचे नव्हते.

दिवे लागायच्या सुमारास बाई आल्या. आमच्या गल्लीत त्या शाळेच्या पुढे कधी आल्या नव्हत्या. वडील गडबडीने घोंगडे शोधू लागले, आणि ते शाळेतच दिल्याचे आठवून तसेच उभे राहिले. बाई ओट्यावर, नुसत्या दगडावर बसल्या.

"तिला काही बोलू नका," बाई म्हणाल्या. "नियम माझा होता. झोपलेली मुलं मी रोज पाहत होते. मला शंका यायला हवी होती."

"तुमास्नी कसं कळनार, बाई," आई म्हणाली. "तुमच्यात पोराला गोळी देत न्हाईत. आमच्यात देत्यात. मीच दिली हाय की." तिने माझ्याकडे बोट केले. "ह्याला दिली. त्यो कालिजात जातोय, त्याला."

मी खाली पाहिले. ओट्यासमोर माणसे जमली होती. वस्ताद होते, अव्वाही मागे उभी होती. वडील तिला म्हणाले, "म्हातारे, ती डबी आदी हिरीत टाक."

"टाकते," अव्वा म्हणाली. "मग तुमच्या बायका कामावर जाणार, पोरं कोण बघणार? तू बघतो? हां? साचा सोडून तू बघतो?"

माझ्या डोक्यात पुण्यात ऐकलेली एक-दोन व्याख्याने आली, पण त्यांत ह्याचे उत्तर नव्हते.

आई बोलली. "पांजणीला कोन बघतंय?"

पांजणी म्हणजे ताण्याच्या उभ्या सुतांना खळ लावणे. हातमागवाले भल्या सकाळी गल्लीभर ताणा पसरतात, त्याला खळ लावून कुंचे फिरवतात आणि ऊन चढायच्या आत काम उरकतात. एका घराने ते होत नाही. ज्याचा ताणा असेल त्याच्याकडे आसपासची घरे न बोलावता जातात. उद्या दुसऱ्याचा ताणा, तेव्हा हा जातो. सुट्टीच्या दिवशी आईही जायची, आमच्या घरी माग नसताना.

"ताना एकाचा, हात समद्यांचं," आई म्हणाली. "तशी पोरं बघायची. आज ह्या घरची म्हातारी, उद्या त्या घरची. समदी पोरं एका जागी. अव्वा, तू पन. पन डबी घरी."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कुणी म्हणाली, माझी सासू बसेल. कुणी म्हणाली, माझा पाय मोडलाय, पण हाताने झोका देता येतोय की. "पन जागा?" बाईंनी विचारले. "शाळेत दुसरी खोली नाही."

गल्लीत सावलीची मोठी जागा एकच होती: शाळेसमोरची तालीम. आणि तालमीत बाईमाणसाने पाऊल ठेवायचे नाही, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होते. सगळे वस्तादांकडे पाहू लागले. वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. मला वाटले, आता हे इथेच मोडणार.

"आत न्हाई," वस्ताद म्हणाले.

बायका उठू लागल्या, तसा त्यांनी हात वर केला.

"पडवीत चालंल. पडवी म्हंजी तालीम न्हवं. तुळया चांगल्या हायती. झोळ्या टांगा. म्हाताऱ्या खालच्या पायरीवर बसतील, पोरं वर. झोका द्यायला वर मानूस लागंल, तर आमची पोरं हायती की." मागे उभ्या असलेल्या पहिलवानांचे चेहरे पडले. वस्तादांनी वळून पाहिले. "काय रं? दोनशे बैठका मारतासा, एक दोरी ओढवत न्हाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीच्या तुळयांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या टांगल्या गेल्या. हातमागवाल्यांपैकी एकाने सगळ्या झोळ्यांना मिळून एकच दोरी अशी बांधून दिली की एक हिसका दिला की सारी रांग हलायची. जोर काढून झालेला पहिलवान घामाघूम होऊन दोरीपाशी बसायचा. येणारेजाणारे थांबून विचारायचे, "काय पैलवान, आज कुनाशी कुस्ती?" एकाने उत्तर दिले, "बोलू नगा, आत्ताच निजलंय," आणि ते इतक्या काळजीने दिले की विचारणारा ओशाळून पुढे गेला.

अव्वा पायरीवर बसू लागली. पहिले काही दिवस बायका भोंग्याला जाताना तिच्या कनवटीकडे पाहून जात. तिला ते दिसत होते. एकदा तिने कनवटी उलटी करून दाखवली. "बघ, बघ. तमाखू आहे फक्त. तमाखू पण काढू काय?"

अफू गल्लीतून गेली असे मी लिहिणार नाही. काही घरांत ती होतीच, आजही असेल. पण शाळेच्या वेळात पडवीतली पोरे जागी असत, रडत, भांडत, पायरीवरून खाली गडगडत. आवाज शाळेपर्यंत जाई. बाईंनी पहिल्या दिवशी खिडकी लावली. दुसऱ्या दिवशी उकाड्यामुळे पुन्हा उघडली आणि मग उघडीच ठेवली.

वडिलांनी शाळेबद्दल "हो" असे कधी म्हटले नाही. झोळ्या टांगल्या त्या सकाळी त्यांनी फडताळावरून पाटी काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि बहिणीपुढे धरली. "घोंगडं बघून ये," एवढेच म्हणाले. "कसर लागंल त्याला."

परीक्षेच्या दिवशी म्युनिसिपालिटीचे सुपरवायझर टांग्यातून आले. आम्ही पाच-सहा जण लिंबाखाली उभे होतो. आत मुली ओळीने बसल्या होत्या. माझी बहीण खिडकीशीच बसली होती, पण आतल्या बाजूने. गणित घातले गेले. सगळ्या पाट्यांवर वाकल्या, आणि नेमका तेव्हा पडवीतून रडण्याचा आवाज आला. माझ्या भावाचा. एव्हाना गल्लीतल्या कुणालाही तो ओळखता आला असता. बहिणीची लेखणी थांबली. तिने मान वर केली.

"हे काय आहे?" सुपरवायझरांनी विचारले.

"आमच्या मुलींची लहान भावंडं आहेत," बाई म्हणाल्या. "समोर सांभाळतात. गल्लीतले लोक सांभाळतात."

बहीण अजून ऐकत होती. मी खिडकीबाहेरून तिला काही खूण करणार होतो, पण केली नाही. पडवीतून हलगीची एक हलकी, बोटांनी वाजवलेली थाप आली, मग दुसरी. रडणे थांबले. बहिणीने मान खाली घातली आणि लिहू लागली.

मुली पास झाल्या, जवळजवळ सगळ्या. चौथीचा वर्ग जूनमध्ये उघडला.

माझे कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी पुण्याला निघालो. गाडी सकाळची होती. आईवडील भोंग्याला गेले होते. आईने जाताना दशम्या बांधून दिल्या होत्या. बहीण भावाला कडेवर घेऊन माझ्याबरोबर तालमीपर्यंत आली. माझी ट्रंक एका पहिलवानाने डोक्यावर घेतली होती. पडवीपाशी तिने भावाला वर दिले, अव्वाला म्हणाली, "ह्याचा दात येतोय, चावतोय बघ," आणि माझ्याकडे वळली. मला वाटले, आता ती काहीतरी बोलेल. मीही काहीतरी बोलायचे योजले होते. पुण्यात राहून माणसाला अशा वेळी बोलायची सवय लागते.

तेवढ्यात शाळेची घंटा झाली.

"दादा, जाते," ती म्हणाली, आणि पाटी छातीशी धरून पळाली. वर्गाच्या दाराशीही तिने मागे वळून पाहिले नाही. मी आणि ट्रंक घेतलेला पहिलवान स्टेशनच्या वाटेला लागलो.